न पटलेले गणित

जुन्या ट्रंकेच्या तळाशी, नाहीतर माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात, बहुतेक घरांत एक पिवळा पडलेला फोटो सापडतो. मध्ये खुर्चीवर काळी टोपी घातलेले पणजोबा, शेजारी नऊवारीतली पणजी आणि भोवती लहानमोठ्या मुलांची रांग. सहा, सात, कधी नऊ. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या फोटोविषयी विचारले, की ते आणखी दोन-तीन नावे सांगतात. फोटोत नसलेली. एक गोवराने गेला, एक बारशाआधीच गेली, आणि एकाच्या वेळी पणजीच मरता मरता वाचली. हे सारे भाजी निवडता निवडता, आवाज न चढवता सांगितले जाते. कारण त्या पिढीत ही गोष्ट कुणाच्याच घरी वेगळी नव्हती.

आता आपल्या दिवाणखान्यातला फोटो पाहा. आई, बाबा आणि एक किंवा दोन मुले. आपल्या आजच्या आयुष्यातल्या किती गोष्टी या एका फरकावर उभ्या आहेत! दोन खोल्यांचा ब्लॉक, मुलांच्या शाळेची फी, बाईची नोकरी, उतारवयात आईवडिलांजवळ कुणी राहायचे हा प्रश्न. हा फरक कुणी घडवला असे विचारले, तर कुणी विज्ञानाचे नाव घेईल, कुणी सरकारचे, कुणी शिक्षणाचे, कुणी महागाईचे. यातले काहीच खोटे नाही. परंतु साधन हाताशी आल्यावरही ते घरात यायला किती वर्षे लागतात, कोण त्याला दारातच अडवतो आणि ते घरात आल्यावर हुकूम कुणाचा चालतो, हे समजून घ्यायचे असेल तर गिरगावात राहणाऱ्या गणिताच्या एका प्राध्यापकाचे आयुष्य पाहावे लागते. त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

वडिलांकडून मिळालेला वारसा

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी, कोकणात दापोलीजवळच्या मुरूडचा. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढे साऱ्या देशाला ठाऊक झालेले महर्षी अण्णासाहेब. आई राधाबाई १८९१ साली वारल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवण्यासाठी पुण्याला आले.

विधुर पुरुषाने पुन्हा बोहल्यावर चढणे यात त्या काळी नवल नव्हते. नवल होते ते नवरी निवडण्यात. अण्णांनी दहा-बारा वर्षांची कुमारिका केली असती, तर मुरूडने अक्षता पाठवल्या असत्या. त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी आपल्या मित्राच्या विधवा बहिणीशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी लग्न केले. गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या घराने त्यांना थारा द्यावा ते घरही वाळीत पडेल, असा धाक घातला गेला. अकरा वर्षांच्या मुलाने हे पाहिले. आपल्या वडिलांनी कुणाचेही वाईट केलेले नाही आणि तरीही आजीच्या घरी जायची त्यांना चोरी झाली आहे, हा धडा त्याला शाळेत शिकावा लागला नाही.

अण्णांनी पुढे १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभारले. लोकांच्या शिव्या त्यांनी सोसल्या, पण हळूहळू लोकांना बरोबर घेतले. समाजाच्या पचनी पडेल तेवढेच एका वेळी वाढायचे, ही त्यांची रीत होती. मुलाच्या अंगी वडिलांचा हट्ट पुरेपूर उतरला. त्यांचा धीमेपणा मात्र उतरला नाही. बापलेकांचा विषय एकच होता, गणित; आणि चिंतेचा विषयही एकच, बाईचे आयुष्य. तरीही दोघांच्या वाट्याला आलेली आयुष्ये अगदी निराळी झाली.

पॅरिसहून परतलेला प्राध्यापक

रघुनाथ १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला. १९०४ साली फर्ग्युसनमधून बी. ए. झाला. गणिताचा प्राध्यापक म्हणून त्याचे नाव झाले आणि १९१९ साली तो वरच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेला. इथपर्यंतची कहाणी कुठल्याही हुशार मध्यमवर्गीय मुलाची शोभावी अशीच. आईवडिलांनी अभिमानाने सांगावी आणि शेजाऱ्यांनी आपल्या मुलांना ऐकवावी.

परंतु हा माणूस डोळे उघडे ठेवून युरोपात गेला होता. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. लाखो तरुण मारले गेले होते आणि सरकारांना नवे सैनिक, नवे कामगार हवे होते. १९२० साली फ्रान्सने संततिनियमनाच्या प्रचारालाच बंदी करणारा कायदा केला. इंग्लंडात याच विषयावरचे पुस्तक छापल्याबद्दल १८७७ साली ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर खटला झाला होता. त्याच बेझंटबाई पुढे हिंदुस्थानात आल्या आणि होमरूलच्या पुढारी झाल्या. अमेरिकेत मार्गारेट सँगर या परिचारिकेने १९१६ साली ब्रुकलिनमध्ये सल्लाकेंद्र उघडले, तेव्हा पोलिसांनी ते बंद करून तिला तुरुंगात पाठवले. तेव्हा पाश्चात्त्य देश म्हणजे मोकळा आणि आपला देश तेवढा मागासलेला, असे समजण्याचे कारण नव्हते. आईने किती वेळा आई व्हावे हे तिने स्वतः ठरवणे जगात कुठल्याच सत्तेला मानवत नव्हते.

साधने मात्र तयार होती. एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि तिने गाड्यांच्या चाकांइतकेच माणसांचे संसारही बदलायला सुरुवात केली. स्त्रीने वापरायची रबरी टोपी जर्मनीत १८८० च्या दशकात निघाली. डॉक्टरने एकदा माप घेऊन दिली, की बाईला ती स्वतः वापरता येई. नवऱ्याची मर्जी, सासूचा कौल, देवाचा नवस यांपैकी कशावरही तिला अवलंबून राहावे लागत नसे. इतिहासात प्रथमच हा निर्णय बाईच्या हाती आला होता, आणि त्या छोट्याशा वस्तूला एवढा विरोध होण्याचे खरे कारणही तेच असावे.

गिरगावातले केंद्र

मायदेशी परतल्यावर १९२१ साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले पहिले केंद्र उघडले तेही १९२१ सालीच. म्हणजे या एका बाबतीत गिरगाव लंडनच्या मागे नव्हते. तिथे लागणारी साधने 'राईट एजन्सी' या नावाने विकली जात. १९२३ साली त्यांचे या विषयावरचे मराठी पुस्तक निघाले. कॉलेजात गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हे काम करायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळच्या मुंबईची चाळ डोळ्यांपुढे आणा. एका खोलीत सात-आठ माणसे. नळ मजल्याच्या टोकाला, मोरी पडद्याआड, संडासापुढे रांग. रबरी साधन वापरायचे म्हणजे ते धुवायला स्वच्छ पाणी हवे, ठेवायला कुणाचा हात न लागणारी जागा हवी, विकत घ्यायला चार पैसे हवेत आणि मुख्य म्हणजे पाच मिनिटांचा एकांत हवा. ज्या बाईला याची गरज सर्वांत जास्त, तिच्याजवळ यातले काहीच नव्हते. यंत्र आले की आयुष्य बदलते असे आपण सहज म्हणून जातो. पण यंत्राला घर लागते, आणि त्या घरात बाईला जागा लागते.

शिवाय तिला भाषा लागते. आपल्या शरीराविषयी बोलायला मराठीत तेव्हा दोनच प्रकारचे शब्द होते. एक पोथीतले आणि दुसरे शिवीतले. डॉक्टरला काय विचारायचे आणि कसे विचारायचे हे ना बाईला ठाऊक होते ना तिच्या नवऱ्याला. कर्व्यांनी स्वच्छ, कोरड्या, गणिताच्या पुस्तकात शोभेल अशा मराठीत हा विषय मांडायला सुरुवात केली. त्यांच्या सगळ्या कामात कदाचित हेच काम सर्वांत अवघड होते.

विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचे. तिथल्या गणिताच्या प्राध्यापकाने असल्या विषयावर जाहीर लिहावे-बोलावे, हे चालकांना रुचणे शक्यच नव्हते. नोकरी की प्रचार, असा प्रश्न उभा राहिला आणि १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली. वय त्रेचाळीस, घरात साठवलेले धन नाही आणि पुढे कायमचा पगार मिळण्याची आशाही नाही. ज्या धर्मातले लोक त्यांना पाखंडी म्हणत होते आणि ज्या धर्मातल्या संस्थेतून ते बाहेर पडले, त्या दोन्ही धर्मांचे या एका मुद्द्यावर मात्र एकमत होते.

मालतीबाई

कर्व्यांचे चरित्र सांगताना मालतीबाईंवर दोन ओळी लिहून पुढे जाण्याची पद्धत पडली आहे. ती बरी नव्हे. या पतिपत्नींनी विचार करून मूल होऊ न देण्याचे ठरवले. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्याने आधी स्वतःवर प्रयोग करावा, हे तर्काला धरून होते. पण तर्क एका बाजूला आणि हळदीकुंकू दुसऱ्या बाजूला. वांझ हा शब्द पुरुषाला कुणी ऐकवत नाही. डोहाळजेवणाला कुणाला बोलवायचे, बारशाला कुणी पाळण्याची दोरी धरायची याचे नियम बायकांच्या जगात ठरलेले होते, आणि मालतीबाईंना त्याच जगात राहायचे होते. आपण हे मुद्दाम केले आहे असे सांगावे, तर ते मूल नसण्याहूनही भयंकर मानले गेले असते.

नोकरी गेल्यावर ओढगस्त आली ती घरात. लोकांच्या नजरा, नातेवाइकांची टाळाटाळ, पुढे कोर्टाच्या तारखा हे सारे दोघांच्या वाट्याला आले. पण कीर्ती-अपकीर्ती जी काय झाली ती एकट्या कर्व्यांची झाली. मालतीबाई १९४४ साली वारल्या. चळवळीतल्या माणसाच्या घरी चूल कोण पेटती ठेवते हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. अमोल पालेकरांच्या २००१ सालच्या 'ध्यासपर्व' या चित्रपटाने तो विचारला, हे त्याचे मोठेच श्रेय.

समाजस्वास्थ्य

नोकरी सुटली आणि कर्व्यांना हवा तेवढा वेळ मिळाला. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. संपादक तेच, मुख्य लेखक तेच, प्रुफे तपासणारे आणि तोटा सोसणारेही तेच. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. मानवी शरीरात लाजण्यासारखे काही नाही हे त्यांना ठसवायचे होते. पण त्यामुळे अनेकांना अंक घरी न्यायची चोरी झाली आणि विरोधकांना आयते कोलीत मिळाले. कर्व्यांना लोकांची मने राखण्याची कला अवगत नव्हती, आणि ती अवगत करून घ्यावी असे त्यांना वाटतही नव्हते.

या मासिकाचा सर्वांत बोलका भाग म्हणजे वाचकांची पत्रे. गावोगावचे सुशिक्षित पुरुष आणि काही स्त्रियाही मनातल्या भीती लिहून कळवत. आपल्याला काही रोग तर नाही ना, आपण पापी तर नाही ना, संसारात आपण कमी तर पडत नाही ना. वैदू, बुवा आणि वर्तमानपत्रांतल्या शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती हेच त्या काळी या लोकांचे सल्लागार होते. कर्वे थोडक्यात उत्तर देत. घाबरवत नसत, उपदेश करत नसत. ज्या गोष्टीने कुणाचे नुकसान होत नाही तिला पाप म्हणू नये, ही त्यांची कसोटी. आणि शरीरसुखावर पुरुषाइतकाच स्त्रीचाही हक्क आहे, हे त्यांचे म्हणणे. यातले दुसरे विधान आजही किती घरांत मोकळेपणाने उच्चारता येईल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोर्टात

१९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखासाठी कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. माणूस शहाणा असता, तर पुढचे अंक जपून काढले असते. तीन वर्षांनी दुसरा खटला उभा राहिला. या वेळी आरोप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर.

१९३४ च्या या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेले होते. बाबासाहेब देशाचे पुढारी झाले होते आणि ज्या कामातून ना पैसा ना मते मिळायची, अशा कामासाठी त्यांना वेळ असण्याचे कारण नव्हते. तरीही ते उभे राहिले. लोक मनातल्या शंका विचारतात ते ज्ञान हवे म्हणून. त्या शंकांना शास्त्राच्या आधारे उत्तर देणे ही विकृती नव्हे, आणि लैंगिक विषयावरचे प्रत्येक लेखन अश्लील ठरवता येणार नाही, या धर्तीवर त्यांनी युक्तिवाद केला. हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांच्या ग्रंथांचे दाखले दिले. निकाल विरुद्ध गेला. दोनशे रुपये दंड झाला.

बाबासाहेब हे आपल्या आईवडिलांचे चौदावे अपत्य. त्यांना आणि रमाबाईंना पाच मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. या खटल्यानंतर वर्षभराने, मे १९३५ मध्ये रमाबाईही गेल्या. एवढे सांगितले की पुरे. कायद्याच्या पुस्तकातल्या त्या कलमाच्या पलीकडे काय उभे होते ते त्या वकिलाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाची सोय सरकारने करावी असा ठराव मुंबईच्या विधानसभेत मांडला. तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला.

विरोध करणारे सारे लोक दुष्ट होते असे समजू नये. देशाचे सर्वांत मोठे पुढारी महात्मा गांधी यांना मुलांची संख्या कमी असावी हे मान्य होते. मार्ग मान्य नव्हता. कृत्रिम साधनांनी माणूस संयम विसरेल आणि बाई भोगाची वस्तू होईल, अशी त्यांना भीती होती. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. दोघे सभ्यपणे बोलले आणि आपापल्या मतावर कायम राहिले. कर्व्यांचा गांधीजींशी वाद होता तो इथेच. संयमाचा उपदेश ऐकायचा नवऱ्याने आणि तो मोडला की फळ भोगायचे बायकोने, हा हिशेब त्यांच्या गणिती डोक्याला पटत नव्हता. आणि ज्या देशात स्वातंत्र्याच्या लढ्याचे नेतृत्वच ब्रह्मचर्याचा महिमा सांगत होते, तिथे त्यांचे गणित लोकांना पटत नव्हते.

शेवट आणि त्यानंतर

मासिक चालूच राहिले. स्वातंत्र्य आले. १९४९ साली मुंबईत कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ साली भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. असे करणारा हा जगातला पहिलाच देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तीही मुंबईतच. सरकारचा सुरुवातीचा भर मात्र होता महिन्याचे सुरक्षित दिवस मोजण्यावर. बायकांना मोजणी सोपी जावी म्हणून रंगीत मण्यांच्या माळा देऊन पाहिल्या गेल्या! तीस वर्षांपूर्वी खात्रीची साधने घेऊन बसलेला गणिताचा प्राध्यापक त्याच शहरात राहत होता.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले. 'समाजस्वास्थ्य' २६ वर्षे चालले आणि नोव्हेंबर १९५३ च्या अंकाबरोबर थांबले. वडील तेव्हा हयात होते. १९५८ साली, वयाच्या शंभरीत अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले आणि ते योग्यच झाले. मुलाच्या नावावर दंडाच्या दोन पावत्या राहिल्या.

गोष्ट इथे संपवता आली असती. द्रष्टा माणूस, कृतघ्न समाज आणि अखेर त्याच्या विचारांचा विजय, असा शेवट वाचायला बरा वाटतो. पण पुढे जे घडले त्याला विजय म्हणावे का?

साधने सर्वत्र पोचली. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर रंगला. १९६८ साली निरोध बाजारात आला. कर्व्यांचे साधन राजकारणाने उचलले. पण त्यामागचा विचार मात्र जागच्या जागीच राहिला. मूल कधी आणि किती हे ज्याचे त्याने, विशेषतः जिचे तिने ठरवावे, हा त्यांचा विचार. सरकारला हवा होता आकडा. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या आणि अनेक ठिकाणी त्या धाकाने, नोकरी-रेशनची अडवणूक करून झाल्या. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन हयात मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूरही केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. ज्या राज्यात तो विचार छापल्याबद्दल दंड झाला होता, त्याच राज्यात बेचाळीस वर्षांनी तो न पाळल्याबद्दल शिक्षा करण्याची तयारी झाली. दोन्ही वेळी माणसाला विचारायचे राहून गेले.

१९७७ च्या निवडणुकीत लोकांनी आपले मत नोंदवले. राज्यकर्त्यांनी त्यातून धडा घेतला तो असा, की पुरुषाच्या वाटेला जाऊ नये. कार्यक्रमाचे नाव बदलून कुटुंब कल्याण झाले आणि सारा भार बाईवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्के जोडप्यांत स्त्रीने शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुषाने करून घेतल्याचे प्रमाण ०.३ टक्के होते. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची.

दुसरे साधन आले ते सोनोग्राफीचे. पोटातल्या बाळाची तब्येत पाहायला आलेले हे यंत्र मुलगी आहे का हे पाहायला वापरले जाऊ लागले. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ साली ९१३ वर आल्या. शिकलेली घरे, लहान कुटुंबे, हाताशी उत्तम तंत्र आणि मनात पणजीच्या काळचीच इच्छा. कुटुंब दोघांचे-चौघांचे झाले, ते कुणाला वगळून झाले हे फोटोत दिसत नाही. पूर्वीही फोटोत नसलेली मुले असत. त्यांची नावे निदान घरात कुणाला तरी सांगता येत होती.

कर्व्यांची सगळीच मते आज पटतील असे नाही. त्यांच्या काळच्या शास्त्राच्या मर्यादा त्यांनाही होत्या, स्वभावाचा कडवटपणा होता आणि तडजोडीचे वावडे होते. पण एक गोष्ट त्यांनी नेमकी ओळखली होती. रबर, गोळी किंवा यंत्र हे नुसते हत्यार आहे. राजकारणाच्या हाती गेले तर ते आकडे मोजील, रूढीच्या हाती गेले तर मुली मोजील. घरातल्या बाईला तिचे मत विचारायचे काम कुठलेही यंत्र करणार नाही आणि कुठलेही सरकार करणार नाही. ते घरातच, जेवणाच्या ताटावर किंवा रात्री दिवा मालवल्यावर, दोन माणसांना करावे लागते.

म्हणून तो जुना फोटो पुन्हा ट्रंकेत ठेवण्यापूर्वी जरा निरखून पाहावा. खुर्चीशेजारच्या त्या बाईला आयुष्यात एकदा तरी कुणी विचारले होते का, तुला काय हवे आहे? आणि आपल्या घरातल्या नव्या फोटोतल्या बाईला आपण ते विचारले आहे का? र. धों. कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेले गणित एवढेच होते. ते आपण आपल्या घरी सोडवून पाहायला हवे.